बाईंचा हजेरीपट



३ जानेवारीला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती आली की आपल्या विहाराविहारांत भाषणे होतात. मीही दरवर्षी बोलते. पण बोलताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सातवीच्या बाई उभ्या राहतात. आज त्यांच्याविषयी लिहावे असे ठरवले आहे. नाव मात्र लिहीत नाही. आमच्यासाठी त्या फक्त बाई होत्या.

आमची मुलींची शाळा महानगरपालिकेची, उत्तर नागपुरातली. पहिली ते सातवी. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. बसायला टाटपट्टी, तीही मधून मधून उसवलेली. दोघी-दोघींची झाडण्याची पाळी असे. थंडीत बाई वर्ग बाहेर उन्हात घेत, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की घरी येईपर्यंत डांबराचे चटके पायाला बसत. चप्पल सगळ्यांकडे नव्हती. दोन वेण्या, रिबिनी, निळा स्कर्ट. स्कर्टची खालची दुमड दरवर्षी उसवून तो लांब करायचा आणि पुढे तोच धाकट्या बहिणीला द्यायचा.

वर्गात पाण्याचे मडके होते. आधीच्या वर्षांत पाणी वाढायला एकच ठरलेली मुलगी असे आणि ती आमच्या वस्तीतली कधीच नसे. कोणी काही बोलत नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते. या बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी हजेरीपटाच्या नंबराप्रमाणे पाण्याची पाळी लावली. भाषण नाही, रागावणे नाही. "आज नंबर एक, उद्या नंबर दोन," एवढेच. माझा नंबर सोळा. सोळाव्या दिवशी मी ओगराळे हातात घेतले तेव्हा माझा हात थरथरत होता. दोन मुली पाणी न पिताच घरी गेल्या. पुढच्या महिन्यात त्याही प्यायला लागल्या. तहान लागतेच ना!

आणखी एक गोष्ट सांगते, आपल्या पानावर सांगायला हरकत नाही. शाळेत मुलींसाठी धड संडास नव्हता. सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच राहत आणि हजेरी तिथेच पडे. बाईंनी कपाटाच्या खालच्या खणात धुतलेल्या सुती लुगड्याच्या घड्या ठेवल्या होत्या. किल्ली मॉनिटरकडे. मागायचे नाही, सांगायचे नाही, फक्त किल्ली घ्यायची. त्या वर्षी आमच्या वर्गाची सरासरी हजेरी वाढली ती या किल्लीमुळे, असे माझे मत आहे.

हे मला माहीत असण्याचे कारण म्हणजे महिनाअखेरची तेरीज बाई माझ्याकडून करून घेत. आधी उभी बेरीज, मग आडवी. दोन्ही जुळल्या तरच पेन खाली ठेवायचा. पुढे मी बी.कॉम. झाले, कारकून झाले. ऑफिसात कॅशबुक मांडताना आजही मी तेच करते.

पण ही नोकरी, हे बी.कॉम. काहीच झाले नसते. १९९२ च्या दिवाळीनंतर मला घरी बसवले. बाबा गिरणीत बदली कामगार, कधी काम कधी नाही. आई बांधकामावर घमेली उचलायला जायची. घरी दीड वर्षाचा भाऊ. गंमत बघा, त्याच वर्षी जानेवारीपासून सरकारने पहिली ते चौथीतल्या गरीब, मागासवर्गीय मुलींना हजेरीचा रोज एक रुपया भत्ता सुरू केला होता. माझी धाकटी बहीण दुसरीत. म्हणजे तिच्या शाळेत जाण्याचा वर्षाला फार तर २२० रुपये हिशेब होता, आणि माझ्या घरी राहण्याने आईची रोजची मजुरी वाचत होती. बाबांचे गणित चुकीचे नव्हते. आज मी तसे म्हणू शकते. तेव्हा फार रडले होते.

अकरा दिवस झाले आणि रविवारी बाई वस्तीत आल्या. बाबा म्हणाले, "बाई, तिच्या मायले कामावर जा लागते. लेकराले कोन पाहीन?"

"लेकरू घेऊन येऊ द्या तिला," बाई म्हणाल्या.

आई पाणी द्यावे की नाही म्हणून घुटमळत होती, कारण बाई जातीने आमच्यातल्या नव्हत्या. ते बाईंच्या लक्षात आले. माठाकडे बोट करून त्यांनीच पाणी मागितले, प्यायल्या, मग बिनदुधाचा चहाही घेतला. दुसऱ्या दिवसापासून भाऊ माझ्या कडेवर शाळेत. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात तो झोपे, टाटपट्टी ओली करी. ती मी धुवायची आणि बाई पाणी ओतायच्या.

पुढे चळवळीत आल्यावर मी मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक वाचले आणि आपल्याच नागपूरच्या जाईबाई चौधरी कळल्या. कामठीपर्यंत ओझी वाहून पोट भरणारी बाई. एका मिशनरी ननने त्यांना मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिक्षिका नेमले. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि त्यांची नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. नागपूरच्या शाळेत शिकूनही हे नाव मला शाळेत कोणी सांगितले नाही. बाईंनीही नाही, बहुधा त्यांनाही कोणी सांगितले नसावे. भगिनींनो, ते पुस्तक घरात असू द्या.

बाईंनाही सगळे जमले असे मात्र नाही. पंधरा नंबरची मुलगी माझ्याजवळ बसायची. गणितात माझ्यापेक्षा हुशार. १९९३ च्या फेब्रुवारीत तिचे लग्न ठरले. बाई तिच्या घरी दोनदा गेल्या. कायदा अठरा वर्षांचा आहे, हेही सांगितले. कोणी ऐकले नाही. मार्चच्या तेरजेच्या दिवशी तिच्या नावावर लाल रेघ होती. "सतत गैरहजर लिहा आणि नाव कमी करा," असे मुख्याध्यापकांनी बाईंना सांगताना मी ऐकले होते. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तसेच लिहिले असणार असे धरून मी चालले. एवढी वर्षे बाईंविषयी मनात एक खडा राहिला. गैरहजर ती नव्हती, तिला गैरहजर केले होते.

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला आम्ही विहारात टेबल टाकले होते. रांगेतली एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ओयखलं नाई काय वं मले? पंधरा नंबर!"

जुने रेशनकार्ड नाही, जुने मतदार कार्ड हरवलेले. शाळेचा दाखला चालत होता, पण तो तिने कधी काढलाच नव्हता. आमची शाळा केव्हाच बंद पडलेली, रेकॉर्ड दुसऱ्या शाळेत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघी गेलो. तिथल्या शिपायाने दाखल-खारीज रजिस्टर काढून दिले. पाने पिवळी, कडा उंदराने खाल्लेल्या. तिचे नाव सापडले. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात बाईंचे अक्षर मी लगेच ओळखले. रकाना लहान, म्हणून दोन ओळी करून बारीक लिहिले होते: "वडिलांनी लग्न लावून दिले. वय १३ वर्षे. मुलगी शिकण्यास तयार होती." खाली बाईंची सही. मुख्याध्यापकांचीही.

चष्मा घरी राहिला होता तिचा. "काय लिवलं हाये?" तिने विचारले.

मी वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले. मग ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि शिपायाला म्हणाली, "भाऊ, दाखला तर द्याच, पन या पानाची एक झेरॉक्स भेटंन काय?"