प्रयोगातील प्राणी आणि तीन समीकरणे

माणसाच्या श्वसनमार्गात विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत काय घडते, हे रुग्णाकडून सहसा कळत नाही. ताप येऊन तो दवाखान्यात पोचेपर्यंत संसर्गाला एक-दोन दिवस होऊन गेलेले असतात. फ्लूसारख्या आजारात तोवर विषाणूंची संख्या कळसाला पोचलेली, कधी उतरणीलाही लागलेली असते. प्रयोगशाळेतील प्राण्यात मात्र संसर्गाची वेळ आणि विषाणूची मात्रा दोन्ही ठाऊक असतात, आणि पुढे ठरावीक अंतराने मोजमाप करता येते. या आकड्यांतून आजाराची यंत्रणा उलगडण्याचे काम गणिती प्रारूपे करतात. प्राण्यांवरील प्रयोग नैतिक कसोटीला उतरायचे असतील, तर हे गणित प्रयोग उरकल्यावर नव्हे, तो आखतानाच हाताशी हवे.

फ्लूच्या संशोधनात प्राण्यांचे स्थान १९३३ मध्ये पक्के झाले. लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील धुवण गाळून फेरेट या लहान मांसाहारी प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट आजारी पडले आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथमच हाती लागला. फेरेटला ताप येतो, शिंका येतात, आणि विषाणू ज्यांना चिकटतो ते रेणू त्याच्या श्वसनमार्गात माणसासारखेच विखुरलेले असतात. म्हणून हा प्राणी आजही वापरात आहे. उंदीर स्वस्त आहे आणि त्याच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे, पण माणसातील फ्लूचे अनेक वाण त्याच्यात रुजण्यासाठी आधी त्याला सरावावे लागतात. कोविडच्या अभ्यासात सीरियन हॅम्स्टर आणि माकडे पुढे आली. घोड्यांना तर त्यांचा स्वतःचा फ्लू होतो.

या सर्वांसाठी वापरले जाणारे मूळ प्रारूप तीन समीकरणांचे आहे. पहिले समीकरण निरोगी पेशींचे: विषाणू गाठतील तशा त्या कमी होत जातात. दुसरे बाधित पेशींचे: नव्या पेशी बाधित होतात तशी त्यांची संख्या वाढते, त्या मरतात तशी घटते. तिसरे मोकळ्या विषाणूंचे: बाधित पेशी त्यांना बाहेर सोडतात, शरीर त्यांना काढून टाकते. समीकरणांतील दर असे निवडायचे की निघणारा आलेख प्रत्यक्ष मोजमापांशी जुळेल. उंदरांच्या श्वसनमार्गातील फ्लूसाठी लार्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच असे प्रारूप मांडले होते. २००६ मध्ये बाकाम, बोशमँ, पेरेलसन आदींनी फ्लूची लागण करून घेतलेल्या सहा स्वयंसेवकांच्या नोंदींना ही पद्धत लावली. बाधित पेशी सुमारे सहा तासांनी विषाणू सोडू लागते, पुढे जेमतेम पाच तास सोडत राहते, आणि सुरुवातीला एका बाधित पेशीमागे सुमारे २० नव्या पेशी बाधित होतात, असा त्यांचा अंदाज निघाला. यांपैकी एकही आकडा थेट मोजलेला नव्हता; विषाणूंच्या चढ-उतारातून तो काढला होता.

मूळ प्रारूपात एक उणीव आहे. त्यात विषाणू ओसरतो तो निरोगी पेशी संपल्यामुळे, प्रतिकारशक्तीमुळे नव्हे. ही उणीव भरून काढायला प्राण्यांतील मोजमापे कामी आली. घोड्यांच्या फ्लूवरील २०१० च्या अभ्यासात साएन्झ आणि सहकाऱ्यांनी विषाणूबरोबर इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनाच्या नोंदीही वापरल्या. बाधित पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉनमुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देईनाशा होतात, हे समीकरणात घालताच श्वसनमार्गाचे अस्तर पूर्ण नष्ट न होताही विषाणू का ओसरतो, याचा उलगडा झाला. याच नोंदींमध्ये काही घोड्यांत विषाणू ओसरून पुन्हा वाढलेला दिसतो. इंटरफेरॉनचा प्रभाव उतरल्यावर सुरक्षित पेशी पुन्हा संसर्गक्षम होतात, असे मानल्यास ही दुसरी चढण समजते, हे २०१२ मध्ये आणखी एका गटाने दाखवले.

फ्लूनंतर होणारा न्यूमोनिया हे दुसरे उदाहरण. फ्लूतून सावरणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसात न्यूमोकोकस जिवाणू झपाट्याने का वाढतो, यामागची अनेक कारणे शक्य होती. २०१३ मध्ये अँबर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी समीकरणांद्वारे दाखवले की वायुकोशांतील भक्षक पेशींची जिवाणू गिळण्याची क्षमता खचणे हे प्रमुख कारण असावे. फ्लूच्या काळात या पेशींची संख्याच मोठ्या प्रमाणात घटते, हे उंदरांवरील स्वतंत्र प्रयोगातही त्याच वर्षी आढळले. तिसरे उदाहरण लागोपाठच्या दोन संसर्गांचे. मेलबर्नच्या संशोधकांनी फेरेटना एका वाणाची लागण केल्यावर १ ते १४ दिवसांच्या अंतराने दुसऱ्या वाणाची लागण केली. अंतर कमी असताना पहिला संसर्ग दुसऱ्याला काही वेळा पूर्ण रोखत असे. हे तात्पुरते संरक्षण जन्मजात प्रतिकारशक्तीतून मिळते, हा अर्थ त्यांच्या २०१५ च्या प्रारूपाने दिला.

प्रारूपाचे बळ त्याला मिळणाऱ्या आकड्यांइतकेच असते. केवळ विषाणूंची संख्या मोजली, तर सुरुवातीच्या निरोगी पेशी निम्म्या आणि प्रत्येक पेशीतील विषाणूनिर्मिती दुप्पट धरूनही आलेख तोच येतो. खरे काय, हे त्यावरून ठरत नाही. विषाणूच्या जनुकीय अंशांची मोजणी आणि संसर्गक्षम विषाणूंची मोजणी यांतही मोठी तफावत असते, कारण पुष्कळसे कण निकामी असतात. फेरेटच्या नाकातील धुवण रोज घेता येते, त्यामुळे एकाच प्राण्याचा पूर्ण आलेख मिळतो. उंदराच्या फुप्फुसातील विषाणू मोजायचा तर त्याला मारावे लागते. एका उंदरामागे आलेखावर एकच बिंदू मिळतो. केव्हा मोजावे, विषाणूबरोबर आणखी काय मोजावे, किती प्राणी पुरतील, हे प्रश्न म्हणूनच आधी गणितात सोडवायला हवेत.

प्राण्यांऐवजी पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा आणि त्यांच्या यातना कमी करा, ही तीन तत्त्वे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. प्रारूपे प्राण्यांची जागा आज घेऊ शकत नाहीत, पण दुसऱ्या तत्त्वासाठी त्यांच्याइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये कोव्हॅक्सिन या कोविडवरील लसीची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर केली. पाच-पाचचे चार गट, १४ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, आणखी १४ दिवसांनी विषाणूचा संसर्ग, आणि नंतर नाक, घसा व फुप्फुसांची तपासणी, अशी तिची आखणी होती. इतक्या मोलाच्या प्रयोगांतून निघणारी प्रत्येक प्राण्याची दिवसवार नोंद, गटाची सरासरी तेवढी नव्हे, इतर संशोधकांना खुली असायला हवी. भारतात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखालील व्यवस्थेत संस्थांच्या नैतिकता समित्या प्राण्यांची संख्या तपासतात. श्वसनविषाणूंच्या प्रयोगांसाठी त्यांनी अर्जासोबत प्रारूपावर आधारलेली मोजमापांची आखणीही मागावी. प्रश्नाचे उत्तर देऊ न शकणाऱ्या प्रयोगात एकाही प्राण्याचा जीव जाऊ नये, हे पाहण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.