बदनामी कुणाची?

परिषद म्हटलं की आम्हाला महाड आठवतं. डिसेंबर 1927. तिथं आमच्या बाया आल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले होते. 1942 साली नागपूरला दलित बायांची स्वतंत्र परिषद भरली. बाईनं परिषदेला ताठ मानेनं यावं, हा आमचा वारसा. आणि आजच्या परिषदा?

उपनगरातल्या एका कॉलेजात दलित साहित्यावर दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. मला कविता वाचायला बोलावलं. गोदीत खाडा करून गेलो. स्टेजवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोला हार. त्याच्या खाली उभे राहून एक नामवंत सर स्त्रीमुक्तीवर तासभर बोलले. जेवणाच्या सुट्टीत त्याच सरांचा हात आमच्या घाटकोपरच्या एका पोरीच्या कमरेवर. पोरगी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करते. ती सरकली, हातही सरकला. संध्याकाळी निरोप : प्रबंधाचं बोलायचंय, रूमवर ये. ती गेली नाही. बस स्टॉपवर मला म्हणाली, ‘‘दादा, तू बघितलंस ना?’’

बघितलं होतं. तरी मी म्हणालो, ‘‘जाऊ दे ताई. आपलाच माणूस आहे. चळवळीची बदनामी होईल.’’

माझी भडवेगिरी आधी लिहितो, मग त्यांची.

दोस्तहो, 11 जुलै 1997 ही तारीख आपल्याला पाठ आहे. रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. त्याच वर्षी 13 ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं विशाखा निकाल दिला. ही तारीख किती जणांना ठाऊक? नाही. कारण तो ‘बायांचा’ विषय! अरे, तो निकाल आला कुठून? राजस्थानातल्या भटेरीची भंवरीदेवी, जातीनं कुंभार, सरकारी योजनेतली साथीन. बालविवाह अडवला म्हणून 1992 साली वरच्या जातीच्या पुरुषांनी तिच्यावर बलात्कार केला. 1995 साली आरोपी त्या गुन्ह्यातून सुटले. तिच्या प्रकरणावरून बायांच्या संघटना कोर्टात गेल्या, विशाखा झालं, पुढं 2013 चा कायदा झाला. खालच्या जातीच्या कष्टकरी बाईनं किंमत मोजली, आणि आम्ही म्हणतो हा आपला प्रश्न नाही!

परिषद म्हणजे तर मोकळं रान. हॉल एका कॉलेजचा, पाहुणा दुसऱ्याचा, पोरगी तिसऱ्याची. मांडव उठला की सगळे हात झटकून मोकळे. गोदीत स्लिंग तुटली की पहिला सवाल, हूक कुणी तपासला? इथं हूक तपासणारा नेमलेलाच नाही.

कायदा काय म्हणतो ऐका. कामानिमित्त जावं लागतं ती जागा, तिथं नेणारी गाडीसुद्धा, कामाचीच जागा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम कॉलेजबाहेरच्या शिबिरांना, अभ्याससहलींना, कार्यक्रमांनाही लागू आहेत. तक्रारीला 3 महिने, चौकशीला 90 दिवस. चौकशी चालू असताना त्या सरांना तिचं काम तपासण्यापासून रोखता येतं. हे त्या पोरीला सांगणार कोण? पत्रिकेवर उद्घाटक छापता, स्वागताध्यक्ष छापता, देणगीदार छापता. तक्रार कुणाकडे करायची ते नाव छापायला शाई संपते काय?

म्हणून मागणी सरळ आहे. परिषदेच्या आधी समिती जाहीर करा. निम्म्याहून जास्त बाया, एक माणूस बाहेरचा. नावं आणि फोन पत्रिकेवर, हॉलच्या दारावर. परिषदेच्या कामासाठी पोरीला एकटीला रूमवर बोलवायचं नाही. तक्रार केली म्हणून कुणाचा गाईड, कुणाची शिष्यवृत्ती जाता कामा नये. आणि हे आपल्या संमेलनांपासून सुरू करा. तिथं कॉलेज नाही, मालक नाही, म्हणून जबाबदारी नाही, हे चालणार नाही.

आपला माणूस म्हणून झाकायचं, तर मग गावच्या पाटलानं त्याच्या माणसाला झाकलं तेव्हा आपण कशाला मोर्चे काढले?

ताई, मी बघितलं होतं. त्या दिवशी गप्प बसलो. आता साक्ष द्यायला येतो. कुठल्या समितीपुढं, तेवढं सांग.