परवाना आणि कारण

1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडणाऱ्या रायपुरात आज बंदुकीच्या परवान्याचा अर्ज संगणकावरून करता येतो. त्यावरून शस्त्रही इतर मालाप्रमाणे घरबसल्या विकत मिळू लागले, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे. संगणकावरून जाते ती केवळ विनंती. पोलिसांचा अहवाल पाहून अप्रतिबंधित शस्त्राचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आणि तो दाखविल्यावरच परवानाधारक विक्रेत्याला शस्त्र देता येते.

ही पायरी म्हणजे निव्वळ अडवणूक नव्हे. 1878 च्या कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली, तर त्याखालील नियमांनी युरोपियनांना सूट दिली. 1959 च्या कायद्याची भूमिका निराळी आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याची त्यात स्वतंत्र दखल घेतलेली आहे. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लिहून ठेवावी लागतात व मागणी केल्यास ती सामान्यतः अर्जदाराला कळवावी लागतात. कारण नागरिकाने द्यावे, तसेच शासनानेही द्यावे, हे या कायद्याचे मर्म होय.

अर्जाच्या चौकटींत हे मर्म हरवता कामा नये. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेले धानाचे शेत एका खुणेने सांगता येत नाही. ते शेतकऱ्याला आपल्या छत्तीसगढीत सांगता आले पाहिजे, आणि नकारही त्याला उमगेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. गती यंत्राने द्यावी. कारण समजून घेण्याची आणि समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.