सोळा इंचांचा कायदा

"रायफल घरी बनवतोस? आणि अमेरिकन सरकार बनवू देतं?" हा प्रश्न नातेवाईकांकडून इतक्यांदा आलाय की एकदाच लिहून टाकतो.

देतं. पण आधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, फोटो लावायचा, एक प्रत गावातल्या पोलीसप्रमुखाला पाठवायची. मंजुरी येईपर्यंत कानससुद्धा लावायची नाही. मग तिच्यावर आपलं नाव-गाव कोरायचं. एवढं कशासाठी? तर नळी १६ इंचांहून आखूड म्हणून! साडेसोळा इंच असती तर केंद्राच्या कायद्याने यातलं काही लागलं नसतं. (काका, पुण्यात हा उद्योग करू नका. तिथे विनापरवाना बनवलंत तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.)

ही आखूड नळीची भानगड १९३४ सालची. मूळ विधेयकात पिस्तुलंही होती. कोणी रायफल कापून तिचं पिस्तूल करू नये, म्हणून आखूड नळ्याही घेतल्या. पुढे विरोध झाल्यावर पिस्तुलं वगळली, आखूड रायफली मात्र राहिल्या. म्हणजे भिंत पाडली आणि दाराला कुलूप तसंच! आज खिशात मावणारं पिस्तूल बऱ्याच राज्यांत दुकानातल्या तपासणीनंतर त्याच दिवशी मिळतं. तिथले बंदुकीने होणारे बहुतेक खून पिस्तुलानेच होतात. आणि मला माझी रायफल शेजारच्या राज्यात न्यायची तर आधी लेखी परवानगी.

नोंदणीचा कर होता २०० डॉलर. १९३४ साली तेवढ्यात जवळजवळ एक टॉमी गन येई. तो आकडा पुढे कधी वाढलाच नाही आणि १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलींसाठी शून्य झाला. क्लबातले मित्र खूश. आता म्हणे, कर नाही तर नोंद तरी कशाला? २०२५ सालीच तसे दावे कोर्टात गेलेत.

इथे माझं त्यांच्याशी वाजतं. नोंदणीने माझं काय बिघडलं? ठसे दिले, थांबलो, छंद चालू आहे. फॉर्म बरोबर आहे हो, लावलाय चुकीच्या वस्तूला! रायफलवाल्याला सोडा, चालेल. पण मग तेच ठसे, तोच फोटो, तीच नोंद पिस्तुलवाल्याकडून घ्या. हे बोललो तर एकजण दोन शनिवार माझ्याशी बोलला नाही. न बोलो बापडा.