फुलपाखरांना आधी पानं हवीत

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असा निर्णय घेणारं हे पहिलं राज्य. हल्ली शहरोशहरी फुलपाखरू उद्यानांच्या पाट्याही दिसतात. पण आत पाहावं तर बरेचदा नुसती फुलझाडं आणि आठवड्याला मारलेलं कीटकनाशक!

फुलातला मकरंद प्रौढ फुलपाखराला पुरतो, अळीला पानच लागतं, तेही ठरावीक झाडाचं. ब्लू मॉरमॉनला लिंबाच्या कुळातलं, प्लेन टायगरला रुईचं, कॉमन एमिग्रंटला बहाव्याचं. कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पानं जरा निरखून पाहावीत. लाइम बटरफ्लायची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून उग्र वासाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते. ‘कीड लागली’ म्हणून तिला चिरडणारे हात बहुधा फुलपाखरांवर प्रेम करणाऱ्यांचेच असतात.

नुसत्या प्रेमाने भागत नाही, हे इंग्लंडने अनुभवलं आहे. तिथलं लार्ज ब्लू हे फुलपाखरू जाळी घेऊन फिरणाऱ्या संग्राहकांमुळे घटतंय, अशा समजुतीने काही माळांना कुंपणं घातली गेली. त्यामुळे गुरांचं चरणं थांबलं. पुढे मिक्सोमॅटोसिसच्या साथीत ससेही मेले. गवत माजलं, जमीन थंडावली आणि ज्या लाल मुंगीच्या वारुळात या फुलपाखराची अळी वाढते ती मुंगीच हटली. जेरेमी थॉमस यांनी माळावर वर्षानुवर्षं निरीक्षणं करून हे कोडं सोडवलं, पण तोवर उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू तिथून नामशेष झालं. गवत पुन्हा आखूड राखल्यावर १९८३ पासून स्वीडनमधून आणलेली फुलपाखरं तिथे रुजली.

म्हणूनच मोजणी हवी, आणि ती अवघड नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून चालत आलेली पद्धत साधी आहे: ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटरच्या आत दिसेल तेवढंच टिपायचं. आपल्याकडे २०२० पासून सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो. ती हौस वर्षभर, त्याच वाटेवर चालू राहिली, तर कुठे काय घटलं ते दिसेल.

पालिकांनी उद्यानाच्या निविदेतच रुई, बहावा, लिंबू, कढीपत्ता लावण्याची अट घालावी. तिथे फवारणी बंद ठेवावी आणि पावसाळ्यात उगवलेला टाकळा ग्रास यलोच्या अळ्यांसाठी निदान एका कोपऱ्यात तरी राखावा.