बघणाऱ्या मुलांशी बोलूया



शाळेच्या व्हॅनमध्ये रोज एकाच मुलाचं दप्तर ओढलं जातं, ‘ढोल्या’ म्हणून हाक मारली जाते आणि बाकीची मुलं हसतात. घरी विषय निघालाच, तर आपण सांगतो, ‘दुर्लक्ष कर’ किंवा ‘तूही एक ठेवून दे.’ पहिल्या सल्ल्याने मूल एकटं पडतं, दुसऱ्याने भांडण वाढतं.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी २००६पासून ‘किवा’ हा मुलांमधला छळ रोखण्याचा शालेय उपक्रम उभा केला. त्याचा भर बघणाऱ्या मुलांवर आहे. छळणाऱ्याला वर्गात वट हवी असते आणि ती हसणारेच देतात. हसणं थांबलं, कुणी छळ सोसणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसलं, की छळणाऱ्याचा जोर ओसरतो.

म्हणून मुलांना एवढं शिकवूया: हसायचं नाही, ज्याला छळलं जातं त्याला खेळायला घ्यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. सांगणाऱ्याला चुगलखोर ठरवू नका.

मूल शाळेत जायला अचानक कुरकुरू लागलं, सकाळी पोट दुखतंय म्हणू लागलं, वह्या हरवू लागल्या, तर आधी शांतपणे ऐकून घ्या, मग वर्गशिक्षकांना भेटा. छळणारं मूल आपलं असेल, तर त्याला पाठीशी घालू नका आणि बदडूही नका. मार खाऊन ते मारायलाच शिकेल. गरज पडली तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. हा क्रमांक आजच मुलांकडून पाठ करून घ्या.