किटली घेताना बूड पाहा!

वस्तू पारखून घेण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आंबा हुंगून घ्यावा, मडके वाजवून घ्यावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. पण गिरिभ्रमणाला निघालेला आमचा विद्यार्थीमित्र किटली घेतो, ती काय पाहून? तोटी ऐटदार आहे का, पाणी उकळल्यावर शिट्टी वाजते का, एवढेच! ती उलटी करून बूड पाहणारा विरळाच. आणि खरी मेख तर बुडातच आहे.

"किटलीवर कसला लेख लिहिता? पाणी पाच मिनिटांत उकळले काय आणि आठ मिनिटांत उकळले काय!" असे कुणी म्हणेल. घरी हे म्हणणे ठीक आहे. डोंगरावर मात्र जळणाचा प्रत्येक ग्रॅम कुणाच्या तरी पाठीवरून वर चढत असतो. म्हणून थोडा हिशेब करू.

१ लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. शेगडीच्या छोट्या डब्यातील १ ग्रॅम गॅस जळला की सुमारे ११ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे लिटरला सात-साडेसात ग्रॅम गॅस पुरायला हवा. तो पुरत नाही, कारण बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. बारा जणांच्या तुकडीला चहा, भात आणि पिण्याचे पाणी धरून दिवसाला १० लिटर पाणी उकळावे लागते असे समजा. उष्णतेचा ३० टक्के भाग पाण्यात उतरला तर सुमारे २४० ग्रॅम गॅस जळेल. ६० टक्के उतरला तर १२० ग्रॅम. चार दिवसांत जवळजवळ अर्ध्या किलोचा फरक, शिवाय रिकाम्या डब्यांचे वजन वेगळेच. ते ओझे बहुधा पहिल्या वर्षाच्या मुलांच्या पाठीवर पडते, हे सर्वांना ठाऊक आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. गॅस संपला की नजर वळते ती झाडांकडे. खानापूर-जांबोटीच्या रानात किंवा आंबोलीच्या घाटात 'चार काटक्यांनी काय होते?' असे म्हणत चूल पेटते. चार काटक्यांच्या पुढच्या वर्षी चाळीस होतात. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, निसर्गप्रेमाची गाणी म्हणत निसर्गच जाळायचा, याला काय म्हणावे?

तर मग भांडे कसे असावे? रुंद, सपाट बुडाचे आणि बसक्या घाटाचे. उंच, निमुळत्या किटलीच्या बुडाशी ज्योत मावत नाही. ती कडेने वर चढते आणि आपण आकाश तापवीत बसतो. झाकण घट्ट हवे. धातूचा वाद मात्र फार ताणू नये. उष्णतेला मुख्य अडथळा होतो तो ज्योतीतून पत्र्यात शिरताना. पत्र्यातून पाण्यात जायला तिला वेळ लागत नाही. म्हणून निव्वळ पाण्यासाठी पातळ स्टीलही चालते. पिठले करायचे असेल तर ॲल्युमिनियम बरे, कारण ते सगळीकडे सारखे तापते आणि पिठले बुडाला लागत नाही.

हल्ली बुडाशी धातूच्या पन्हळी पट्ट्या जोडलेली महागडी भांडी मिळतात. निसटून जाणारी उष्णता पट्ट्या धरून ठेवतात. युक्ती खरीच उपयोगी आहे. पण हे पाश्चात्त्यांचे जादूचे काम समजून भारावून जाण्याचे कारण नाही. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. धूर वर जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. रशियाचा सामोवार आणि आयर्लंडमधली काटक्यांवरची किटली याच कुळातली. नॉर्वेचा नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर होता, तेव्हा त्याच्या चुलाण्यातही गरम वायू आतल्या भांड्याला तापवून मग बाहेरच्या भांड्यातले बर्फ वितळवीत असे. उष्णतेला लांबच्या वाटेने जायला लावणे, हे यामागचे सूत्र.

माझे मत असे : हिमालयात जाणाऱ्या दोघातिघांनी पट्ट्यांची किटली जरूर घ्यावी. बारा जणांच्या मंडळाने मात्र वर्गणीचे पैसे तीत घालू नयेत. घरातली रुंद तपेली आणि घट्ट झाकण त्यांना पुरेसे आहे. उरलेली बचत वागण्यातून होते. लागेल तेवढेच पाणी घ्यावे. ज्योत बुडाच्या बाहेर जाऊ देऊ नये. शेगडी दगडाच्या आडोशाला ठेवावी. मात्र शेगडी डब्यावरच बसणारी असेल तर ती चहूबाजूंनी झाकू नये, डबा तापून फुटण्याचा धोका असतो. तंबूची दारे बंद करून आत शेगडी तर कधीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

आणखी एक गैरसमज. पिण्याचे पाणी वीस मिनिटे खळखळवत ठेवणारे सुज्ञ लोक पुष्कळ आहेत. उकळी फुटल्यावर १ मिनिट पुरते. २००० मीटरच्या वर गेल्यास ३ मिनिटे. कळसूबाईची उंचीच १६४६ मीटर, तेव्हा सह्याद्रीत १ मिनिटाचाच नियम. १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ते उकळीपर्यंत नेण्याच्या जवळजवळ सातपट! उकळत राहणारे पाणी अधिक शुद्ध होत नाही, फक्त कमी होते.

पदार्थविज्ञानाच्या तासाला सुप्त उष्णतेची व्याख्या आपण घडाघडा म्हणतो आणि डोंगरावर झाकण न ठेवता पाणी उकळतो. विद्येचा उपयोग परीक्षेच्या मांडवापुरताच ठेवायचा काय? मित्रहो, पुढच्या मोहिमेची यादी कराल तेव्हा सर्वांत वर 'झाकण' लिहा. रान वाचेल, आणि धाकट्या भावंडांच्या पाठीही!